पोट ‘वैरी’ कसे झाले? : मराठी शब्दांची कुळी शोधणाऱ्या समीक्षेविषयी

१

मराठीतील पदव्युत्तर लघुप्रबंधांत आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत ‘भाषाशैली’ या नावाचे एक प्रकरण ठरलेले असते. लेखक कोणताही असो, कालखंड कोणताही असो, या प्रकरणात ‘दुर्मीळ व वैशिष्ट्यपूर्ण शब्द’ या मथळ्याखाली एक यादी येते. शब्दासमोर अर्थ दिलेला असतो आणि साधेल तेथे व्युत्पत्ती. यादीनंतर ‘यावरून लेखकाच्या समृद्ध शब्दकळेची कल्पना येते’ अशा आशयाचे एक वाक्य लिहिले की प्रकरण संपते. शब्द जितका अनोळखी तितका तो मौल्यवान आणि त्याचे मूळ जितके संस्कृत तितका तो कुलीन, ही या यादीमागील धारणा कोणी उघडपणे मांडत नाही. ती मांडण्याची गरजही कोणाला वाटत नाही, इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकांचे अनुकरण करतात आणि मार्गदर्शक आपल्या परंपरेचे. मराठी समीक्षेने शब्दाच्या उगमाचा विचार दोनच हेतूंनी केला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एक, शब्दाचे कौतुक करण्यासाठी. दोन, शब्दाला कुळाचा दाखला देण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी. शब्द कोणी वापरला, कोठे, केव्हा, कोणत्या व्यवहारात आणि तो व्यवहार बदलल्यावर त्या शब्दाचे काय झाले, हे प्रश्न व्युत्पत्तिविचाराचे प्राणभूत प्रश्न आहेत. नेमके तेच आपल्याकडे विचारले जात नाहीत. ही उणीव कोशकारांच्या दालनापुरती मर्यादित नाही. तिच्यामुळे साहित्यकृतीचे वाचनच चुकते, आणि कोणाची मराठी ही मराठी मानायची याचा निवाडा परस्पर होऊन जातो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हा दोष नवा नाही. त्याचे निदानही नवे नाही. मीमांसाशास्त्रात एक प्रश्न चर्चिला गेला आहे : ‘पिक’, ‘नेम’, ‘सत’, ‘तामरस’ असे काही शब्द वैदिक वाङ्मयात येतात, ते आर्यांच्या व्यवहारात कोणत्याही अर्थी रूढ नाहीत, परंतु म्लेच्छांच्या व्यवहारात मात्र रूढ आहेत. मग त्यांचा अर्थ कसा ठरवायचा? व्याकरण आणि निरुक्त यांच्या साह्याने धातू शोधून, की म्लेच्छ तो शब्द ज्या अर्थी वापरतात तो अर्थ स्वीकारून? शबरस्वामींनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. जे शब्द वापरतात त्यांचा अर्थ प्रमाण मानावा. वापर डोळ्यांसमोर असताना धातूवरून अर्थ कल्पिणे अनावश्यक आणि अविश्वसनीय आहे.

याच अधिकरणावर तन्त्रवार्तिकात लिहिताना सातव्या शतकातील कुमारिलभट्ट जी उदाहरणे देतो, ती प्रत्येक मराठी व्युत्पत्तिकाराने आपल्या मेजावर लिहून ठेवावी अशी आहेत. द्राविड भाषेत भाताला ‘चोर्’ म्हणतात, तर संस्कृतज्ञ त्याला अकार जोडून ‘चोर’ करतात. वाटेला ‘अतर्’ म्हणतात, तर हे ‘अतर’ करतात आणि वर समर्थन देतात की वाट तरून जाण्यास कठीण असते, म्हणून ती अतरच! सापाच्या नावाचे ‘पाप’ करतात आणि म्हणतात, खरेच, तो प्राणी पापीच आहे. पोटाला ‘वैर्’ म्हणतात, त्याचा ‘वैरी’ करतात. कारण काय, तर भुकेल्या माणसाला पोट नको ते करावयास लावते, म्हणजे ते शत्रूचेच काम करते. तमिळमधील ‘चोऱु’, ‘पाम्पु’, ‘वयिरु’ हे आजचे शब्द ज्याला ठाऊक आहेत त्याला कुमारिलाने काय पकडले आहे ते तत्काळ कळेल. द्राविडांच्या बाबतीत ही स्थिती, तर पारसी, बर्बर, यवन, रोमक यांच्या भाषांतील शब्दांचे हे लोक काय करतील कोण जाणे, असा टोलाही तो पुढे मारतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुमारिल हा म्लेच्छभाषांचा कैवारी नव्हता. वेदप्रामाण्याचा तो कट्टर रक्षक होता आणि शब्दार्थाच्या सामान्य निर्णयात शिष्टांच्या वापराला तो अधिक मान देतो. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. ज्याला संस्कृतचा अभिमान नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही, तोच सांगतो आहे की ध्वनिसाम्यावर अर्थाची गोष्ट रचणे म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ‘पोट वैरी’ ही व्युत्पत्ती कानाला गोड आहे, तिच्यात नीतिबोध आहे, थोडे काव्यही आहे. फक्त ती खोटी आहे. मराठीतील लोकप्रिय शब्दकथांपैकी कित्येक याच जातीच्या आहेत. त्या सांगताना व्याख्याता रंगतो, ऐकताना श्रोते माना डोलावतात, आणि शब्दाचा इतिहास जेथल्या तेथे राहतो.

३

परंपरेत दुसरी बाजूही होती, हे नाकारून चालणार नाही. यास्काचा आग्रह असा की कोणताही शब्द निर्वचनाशिवाय सोडू नये. अर्थ धरून चालावे आणि काहीच न जुळल्यास एखाद्या अक्षराच्या साम्याचाही आधार घ्यावा. सर्व नामे धातूंपासून झाली, असे शाकटायन म्हणतो. पण त्याच निरुक्तात गार्ग्याचा विरोधही नोंदलेला आहे : सर्वच नामे धातुज नाहीत. यास्क गार्ग्याचे आक्षेप मांडून ते खोडतो. वैदिक मंत्रांचा अर्थ लावण्याच्या त्याच्या प्रयोजनाला ते शोभणारेही होते. मात्र आधुनिक मराठीचा अभ्यास हे प्रयोजन वेगळे आहे आणि या प्रयोजनासाठी गार्ग्यच आपला आचार्य ठरायला हवा होता. आपण शाकटायनाच्या शाळेत नाव घातले.

प्राकृत व्याकरणांच्या वाचनातही असाच घोटाळा झाला आहे. हेमचंद्र आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात अपभ्रंशाचे नियम सांगताना ‘शीघ्र’ऐवजी ‘वहिल्ल’, ‘कौतुक’ऐवजी ‘कोड्ड’ असे आदेश देतो. आपल्या जुन्या काव्यातील ‘वहिला’ आणि आजही ‘कोडकौतुक’ या जोडशब्दात टिकून असलेला ‘कोड’ यांचे हे पूर्वज. आता, ‘शीघ्र’पासून ‘वहिल्ल’ कोणत्या ध्वनिनियमाने होईल? कोणत्याच नाही. हेमचंद्रालाही तसे म्हणायचे नाही. संस्कृत जाणणारा जेथे एक शब्द योजतो तेथे या भाषेत दुसरा योजतात, एवढेच ‘आदेश’ या संज्ञेने सांगितले जाते. ती एक समीकरणाची खूण आहे, वंशावळ नव्हे. परंतु व्याकरणातील सोयीला इतिहास समजण्याची चूक आपल्याकडे इतक्यांदा झाली आहे की ‘कोड’ हा ‘कौतुक’चा अपभ्रंश असल्याचे कोणी वर्गात सांगितले तर त्याला हरकत घेणारा विद्यार्थी विरळा.

‘देशी’ या संज्ञेचे तर आपण पुरते वाटोळे केले आहे. ‘देशीनाममाला’ रचताना हेमचंद्राने आपल्या संज्ञेची मर्यादा स्वच्छ आखली होती : जे शब्द व्याकरणाने सिद्ध होत नाहीत, संस्कृत कोशांत प्रसिद्ध नाहीत आणि प्राकृतात अनादिकालापासून चालत आले आहेत ते देशी. निरनिराळ्या प्रांतांत रूढ असलेले सर्व शब्द सांगू गेल्यास ते अनंत होतील, म्हणून तो ते वगळतो. म्हणजे ‘देशी’ याचा अर्थ ‘गावंढळ’ असा नाही, ‘प्रादेशिक’ असा नाही आणि ‘अस्सल मातीतले’ असाही नाही. ‘या शब्दाचे मूळ आपल्या साधनांनी सिद्ध होत नाही’ असे सांगणारी ती एक प्रामाणिक नोंद आहे. हेमचंद्राने देशी म्हणून दिलेल्या अनेक शब्दांचे संस्कृत मूळ पिशेल आदी नंतरच्या विद्वानांना सापडले, हेही खरे. त्याने त्या वर्गाला बाध येत नाही. उलट तो वर्ग तात्पुरता आणि तपासणीस खुला होता, हेच सिद्ध होते. गेल्या काही दशकांत देशीवादावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात ‘देशी’ हा शब्द अभिमानाचे निशाण म्हणून फडकला. आठशे वर्षांपूर्वी एका जैन आचार्याने त्याच शब्दाला दिलेली ही शास्त्रीय शिस्त मात्र त्या चर्चेत क्वचितच आली.

४

आधुनिक काळात मराठी व्युत्पत्तिविचाराचा पाया इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घातला. त्यांच्या निधनानंतर धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाले. दप्तरे धुंडाळणारा, शब्दांकडे समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहणारा असा अभ्यासक पुन्हा झाला नाही. त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की शब्दाच्या नोंदी गोळा करताना जे राजवाडे इतिहासकार असतात, तेच त्यांचे मूळ सांगताना पाणिनीच्या अंगणाबाहेर सहसा पाऊल टाकत नाहीत. राजवाडे यांच्या मागून आलेल्यांनी त्यांच्यातील इतिहासकार सोडला आणि धातू शोधण्याचा छंद तेवढा उचलला.

याउलट ज्यूल ब्लॉक यांच्या १९२० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने शिस्त काय असते ते दाखवले. ‘हस्त’पासून ‘हत्थ’ आणि त्यापासून ‘हात’, ‘कर्ण’पासून ‘कण्ण’ आणि त्यापासून ‘कान’ : द्वित्त गेले की आधीचा स्वर दीर्घ होतो. असा नियम एका शब्दापुरता नसतो, तो एकाच परिस्थितीतील सर्व शब्दांना लागू पडावा लागतो आणि जेथे लागू पडत नाही तेथे कारण द्यावे लागते. वा. गो. परांजपे यांनी हा ग्रंथ १९४१ मध्ये मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला. टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश आणि बरो-एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश १९६०च्या दशकात उपलब्ध झाले. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे तिन्ही कोश आज संगणकाच्या पडद्यावर क्षणात शोधता येतात. साधने नाहीत ही सबब आता उरलेली नाही.

तरीही आपल्या व्याकरणपुस्तकांत काय शिकवले जाते? तत्सम, तद्भव, देशी आणि ‘परभाषीय’ अशी शब्दांची वर्गवारी. ‘परभाषीय’ या सदरात कानडी शब्द म्हणून ‘तूप’, ‘अक्का’, ‘अडकित्ता’ यांची नोंद असते. ‘तूप’ या शब्दाशी जुळणारे ‘तुप्प’ हे रूप कन्नडात आहे आणि प्राकृतातही आहे. ज्या शब्दावाचून मराठी घरात वरणभात वाढता येत नाही तो परका. आणि ज्या शब्दाने कोणत्याही घरात कोणी प्यायला पाणी मागत नाही तो ‘जल’ तत्सम म्हणून आपला! या वर्गवारीचा आधार वापर नाही, काळ नाही, ध्वनिनियमही नाही. तिचा आधार केवळ कुळी हा आहे. जो संस्कृतच्या घरातून आला तो कधीही येवो, तो घरचा. जो शेजारून आला तो हजार वर्षे राहिला तरी पाहुणा.

‘अडकित्ता’ हे उदाहरण थोडे अधिक पाहू. ‘अडकणे’ या क्रियापदाशी त्याची जोड लावण्याचा मोह कोणालाही व्हावा : सुपारी अडकवून फोडतो तो अडकित्ता. ध्वनी जुळतो, कृतीही जुळते. परंतु कन्नडात सुपारीला ‘अडके’ म्हणतात, हे कळले की ती जोड गळून पडते. हा शब्द सुपारीसह, पानाच्या तबकासह आणि आतिथ्याच्या एका रीतीसह दक्षिणेकडून आला आहे. ‘अडकणे’ या व्युत्पत्तीने आपल्याला एक क्लृप्ती मिळते, ‘अडके’ या व्युत्पत्तीने एका व्यवहाराचा मार्ग दिसतो. कुमारिलाच्या ‘अतर’ आणि ‘अतर्’ यांत हाच फरक होता.

संस्कृतनिष्ठांच्या या दोषावर उतारा म्हणून जी भूमिका पुढे आली तिच्यातही पुष्कळदा तोच दोष उलटा होऊन आला. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ आणि ‘अडगुलं मडगुलं’ या पुस्तकांतून मराठी व तमिळ यांच्या नात्याचा प्रश्न धीटपणे उभा केला. प्रश्न रास्त होता. परंतु धातुपाठाच्या जागी तमिळ शब्दकोश ठेवला आणि साम्य शोधण्याची रीत तीच राहिली, तर कुळ बदलते, पद्धत बदलत नाही. ध्वनिनियम, नोंदींचा कालक्रम आणि संपर्काचा इतिहास या तिन्ही कसोट्या संस्कृत मुळाला जितक्या लागू आहेत तितक्याच तमिळ मुळालाही आहेत. एका अभिमानावर दुसऱ्या अभिमानाचा उतारा चालत नाही.

५

उगम आणि आयुष्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मराठीच्या इतिहासाने वारंवार दाखवून दिले आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला. पुढील शतकाला आपण काय म्हणतो? पेशवाई. संस्कृत पदवी शिक्क्यात राहिली, फारसी पदवीने युगाला नाव दिले. ‘चिटणीस’, ‘पोतनीस’, ‘फडणीस’ यांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. हा प्रत्यय आज घराण्यांची आडनावे होऊन बसला आहे आणि तो परका असल्याचे त्या घराण्यांनाही जाणवत नाही. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठीत फारसी किती खोल रुजली आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? ज्ञान असूनही निवाडा कुळावरच व्हावा, यात त्या काळाची ओढ दिसते. भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे टिकाऊ शब्द दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण ते टिकले याचे कारण त्यांचे कुळ नव्हे. कार्यालयांनी, वृत्तपत्रांनी आणि शाळांनी ते वापरले, म्हणून ते टिकले.

आता ‘दुर्मीळ’ या विशेषणाकडे वळू. शब्द दुर्मीळ असतो तो कोणाला? दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) गोमंतकी, वऱ्हाडी, नागपुरी, राजापुरी अशा प्रादेशिक शब्दांची कष्टपूर्वक नोंद केली आणि त्यांच्यापुढे गो., व., ना., राजा. अशी चिन्हे लावली. हे त्या कोशाचे मोठेपण आहे. पण प्रमाण मराठीच्या शब्दापुढे प्रदेशाचे नाव लिहिण्याची गरज कोणत्याच कोशाला भासत नाही. जणू तो शब्द कोठलाच नाही, म्हणजेच सर्वत्र आहे. समीक्षक जेव्हा वऱ्हाडी किंवा मालवणी शब्दाला ‘दुर्मीळ’ म्हणतो तेव्हा तो शब्दाविषयी काही सांगत नसतो. आपण कोठे उभे आहोत ते सांगत असतो. ज्या आजीने तो शब्द सकाळपासून वीस वेळा उच्चारला तिला विचारल्यास दुर्मीळ शब्द ‘शब्दकळा’ हा आहे.

खऱ्या अर्थाने दुर्मीळ होणारे शब्दही असतात. वस्तू जाते, व्यवहार जातो आणि शब्द मागे उरतो. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत आपण नेहमी वाचतो. थारोळे म्हणजे विहिरीच्या काठावरील ते कुंड, जेथे मोट रिकामी होते आणि जेथून पाणी पाटाने पिकाकडे जाते. विजेचे पंप आले, मोट गेली, नाडा गेला, बैल ज्या उतारावरून मागेपुढे होत ती धाव बुजली. थारोळे उरले ते फक्त रक्ताचे. ज्याला ते कुंड ठाऊक आहे त्याला या शब्दप्रयोगात पिकासाठी उपसलेल्या पाण्याची जागा रक्ताने घेतलेली दिसते. ज्याला ते ठाऊक नाही त्याला केवळ ‘खूप रक्त’ एवढाच अर्थ मिळतो. येथे समीक्षकाला ‘थारोळे’चे संस्कृत मूळ सापडले काय आणि न सापडले काय, काही बिघडत नाही. विहीर सापडली पाहिजे.

‘तुरुंग’ हा शब्द याच्या उलट बाजूचा. तो मुळीच दुर्मीळ नाही, पण त्याचा प्रवास विसरला गेला आहे. आसगावात जन्मलेले गोमंतकीय विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाचा संबंध पोर्तुगीज ‘त्रोंको’शी लावला आहे. ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचे खोड, त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी ओंडका, त्यावरून बंदिशाळा. आणि मराठीत त्या ओंडक्याला शब्द कोणता होता? ‘खोडा’. म्हणजे खोडापासून शिक्षेपर्यंतचा अर्थप्रवास मराठीने आपल्या वाटेने केला होता आणि पोर्तुगीजाने त्याच्या. कोणी कुशल निरुक्तकार ‘तुरुंग’ला संस्कृत ‘तुरंग’शी जोडून, घोड्यासारखा बांधून ठेवतात म्हणून तुरुंग, असे सांगू शकेल. ते ‘पोट वैरी’इतकेच चतुर आणि तितकेच निरर्थक ठरेल. कुळाच्या शोधात निघालेल्याला घोडा दिसतो, वापराच्या शोधात निघालेल्याला एक लाकूड आणि त्यात अडकलेले पाय दिसतात.

साहित्यकृतीच्या वाचनात याने काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ ‘परका, बाहेरचा’ असा सांगून आपण पुढे जातो. व्युत्पत्तीची हौस असलेला समीक्षक ‘उपरि’ म्हणजे ‘वर’ हे संस्कृत मूळ देईल आणि समाजाच्या तळातील माणसाला ‘वरचा’ म्हणणारा शब्द लागावा यातील उपरोधावर एक परिच्छेद लिहील. परिच्छेद सुबक होईल. पण शब्दाचे खरे आयुष्य महसुलाच्या दप्तरात आहे. मराठी राज्यातील गावात शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. ‘मिरास’ हा अरबी शब्द, वारसा या अर्थाचा. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क असे आणि गावात त्याला मान असे. उपरी म्हणजे तसा हक्क नसलेला, पुष्कळदा दुसरीकडून आलेला, ठरावापुरती जमीन कसणारा. गावाच्या लेखी ‘आपला’ आणि ‘उपरा’ यांतील भेद स्वभावाचा किंवा ओळखीचा नव्हता, तो हक्काचा भेद होता. भटक्या जमातीतील माणसाला तर उपऱ्या कुळाइतकाही आधार नाही. गावगाड्याच्या ज्या पायरीवर निदान ठरावाची जमीन मिळते तिच्याही बाहेर तो आहे. हे ध्यानात घेतले की शीर्षक मनोवस्थेचे वर्णन राहत नाही, ते हक्क नाकारल्याची नोंद होते. १९७८ मधील दया पवारांच्या ‘बलुतं’ या शीर्षकालाही हेच लागू आहे : बलुते म्हणजे गावाच्या सेवेबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, आणि त्या वाट्यामागे कामाची, अपमानाची व अवलंबनाची सगळी रचना आहे. या शब्दांना ‘ग्रामीण शब्दकळा’ म्हणून यादीत टाकणे म्हणजे साक्षीदाराची साक्ष न घेता त्याच्या पागोट्याचे कौतुक करणे होय.

६

यावर असा आक्षेप येईल की व्युत्पत्तीचा सामान्य वाचकाला मिळणारा आनंद या लेखाने हिरावून घेतला. शब्दांच्या गमतीदार कथा ऐकून कोणी भाषेकडे वळत असेल तर त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही, जोवर ती कथा कथा म्हणूनच सांगितली जाते. ती प्रबंधात पुरावा म्हणून येते, पाठ्यपुस्तकात वर्गवारी म्हणून येते आणि समीक्षेत मूल्यमापन म्हणून येते, तेव्हा तिच्याकडे पुरावा मागितलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशी शिस्त लावली तर शेकडो शब्दांपुढे ‘मूळ अनिश्चित’ असे लिहावे लागेल, आणि तो भाषेचा कमीपणा दिसेल. हेमचंद्राला तसा कमीपणा वाटला नाही. त्याने अशा शब्दांचा स्वतंत्र कोश केला. मूळ न सापडलेला शब्द अनाथ नसतो. त्याला बोलणारी माणसे असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु प्राचीनत्व सिद्ध झाल्याच्या आनंदात प्राचीनत्व शोधण्याचा हव्यास वाढण्याचा धोकाही आहे. प्रत्येक शब्द किती जुना आणि कोणत्या थोर कुळातला हे सांगण्याची चढाओढ लागली, तर या दर्जाने आपल्याला पुन्हा यास्काच्या दारात आणून सोडले असे होईल. संस्कृतसाठी ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या महाकोशाचे काम पुण्यात डेक्कन महाविद्यालयात १९४८ पासून चालू आहे आणि त्याचे खंड १९७६ पासून निघत आहेत. मराठीसाठी त्या तोलाचा कोश, म्हणजे शिलालेखांपासून आजच्या बोलींपर्यंत प्रत्येक शब्दाचा प्रत्येक वापर कालक्रमाने व स्थळासह देणारा कोश, अद्याप झालेला नाही. त्याच महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेसह बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, ही आशादायक गोष्ट आहे. अशा सर्वेक्षणातून निघणारा शब्द ‘दुर्मीळ’ म्हणून न नोंदता गाव, व्यवसाय, वय आणि प्रसंग यांसह नोंदला गेला, तर त्यातून उद्याचा व्युत्पत्तिकोश उभा राहील.

तोवर समीक्षकाने आणि संशोधकाने आपल्यापुरता एक नियम पाळावा. शब्दाचे मूळ सांगण्यापूर्वी त्याची सर्वांत जुनी नोंद द्यावी. ज्या व्यवहारात तो वापरला जाई तो व्यवहार वर्णावा. ध्वनिबदल नियमाने दाखवता येत असेल तर दाखवावा, येत नसेल तर ‘देशी’ असे लिहून हेमचंद्राच्या पंगतीस बसावे. यातील पहिल्या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर तिसरीकडे जाऊच नये. आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमातील ‘भाषाशैली’च्या प्रकरणात शब्दांच्या यादीऐवजी पाचच शब्द घ्यावेत, पण त्या प्रत्येकाचा माग दप्तरापर्यंत, शेतापर्यंत, बंदरापर्यंत लावावा. प्रबंध बारीक होईल, पण त्या पाच शब्दांविषयी त्याला काही सांगता येईल.

कुमारिलाने ज्यांची थट्टा केली त्यांच्या हाती व्याकरण होते, कोश होते, विद्वत्ता होती. भात खाणाऱ्या माणसाला ‘चोर्’ म्हणजे काय ते विचारण्याची तसदी मात्र त्यांनी घेतली नाही. तेराशे वर्षे उलटून गेली. मराठीच्या विभागांतून ती तसदी अजून घेतली जायची आहे.